यूएसबी की गिगई? आधी टेप लावून अंतर मोजा

नग तपासायला चार कॅमेरे, प्रत्येकी ५ मेगापिक्सेल, मिनिटाला ४० नग, पीसी १२ मीटरवर आणि सप्लायर म्हणतोय 'यूएसबी थ्री घ्या, स्वस्त पडेल'; तुम्ही विचारताय, की गिगई, म्हणजे नेटवर्क केबलवर चालणारे कॅमेरे, घ्यावेत? तुमची पोस्ट वाचून आमची चाकणची लाइन आठवली. अगदी हेच सांगितलं होतं आम्हालाही.

माझं स्पष्ट मत, यूएसबी घेऊ नका. टेबलावर ३ मीटरच्या केबलवर मी आजही तेच कॅमेरे वापरतो, उत्तम चालतात. पण त्यापलीकडे रिपीटरवाली (मध्येच सिग्नलला जोर देणारी) केबल लागते. आम्ही तशी १० मीटरची केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, विजेचा गोंगाट फार करतो) मोटर केबलसोबत एकाच ट्रेमधून नेली. ट्रायलला सगळं छान. प्रॉडक्शन सुरू झालं आणि दिवसातून चार-पाच वेळा एखादा कॅमेरा गायब! सप्लायरच्या सपोर्टचं उत्तर ठरलेलं: ड्रायव्हर अपडेट करा. तीन आठवडे ड्रायव्हर, विंडोज, हब बदलत बसलो. तोवर पोरं हाताने नग तपासत होती. कोणी एकदा येऊन ट्रेमध्ये डोकावलं असतं तरी पुरे होतं. शेवटी रात्रपाळीचा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, कन्व्हेअर थांबून परत सुरू झाला की कॅमेरा जातो." केबल ट्रेबाहेर काढून खालून नेली, त्या रात्री एकदाही गेला नाही.

कॅटलॉगमधल्या फ्रेमरेटला भुलू नका. मोनो ८-बिटचा (कृष्णधवल, पिक्सेलला एक बाइट) तुमचा एक फोटो साधारण ५ एमबी. गिगईवर प्रत्यक्षात सेकंदाला ११५ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे एक फोटो सुमारे ४५ मिलिसेकंदांत येतो. चारही कॅमेरे एका स्विचवरून एकाच लिंकवर आले तरी पाव सेकंद लागत नाही, आणि तुमच्या दोन नगांत दीड सेकंद आहे. केबल १०० मीटरपर्यंत चालते, पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज) घेतलंत तर वेगळी पॉवरही ओढावी लागत नाही. फक्त चौघांना एकदम ट्रिगर देणार असाल तर इंटर-पॅकेट डिले (दोन पॅकेटांत थोडी उसंत) लावा, नाहीतर स्विचचा बफर भरून पॅकेट पडतात.

कोअ‍ॅक्सप्रेस (गिगईहून कितीतरी वेगवान कॅमेरा जोडणी) हे वेगवान लाइनस्कॅनवाल्यांचं, म्हणजे एकेक ओळ टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचं काम. त्याला पीसीत लागणाऱ्या फ्रेम ग्रॅबर कार्डाचा खर्च तुम्हाला कशाला? अर्थात मी गिअरचे नग तपासतो. तुम्हाला १२-बिट किंवा सलग व्हिडिओ हवा असेल तर वरचं गणित पुन्हा मांडा.

आणि कॅमेरे ऑफिसच्या नेटवर्कवर टाकू नका. पीसीत वेगळं नेटवर्क कार्ड घाला, जम्बो फ्रेम (मोठी पॅकेट) चालू करा (स्विचलाही चालतात का ते बघून), आणि स्क्रू-लॉकवालीच केबल मागवा. कंपनाने साधी क्लिप ढिली पडते.