इंग्लंडमध्ये मुलांच्या धोरणांवर डेटा अ‍ॅनालिस्टचं काम: तू विचारलंस म्हणून

तू लिहिलंयस की देवनारला लोकसंख्याशास्त्र शिकलीस, चार वर्षं पुण्यातल्या एका संस्थेत पोषणाच्या आकडेवारीवर काम करतेयस. आकडेवारीसाठीची आर ही संगणकभाषा चांगली येते, डेटाबेसमधून माहिती काढायची एसक्यूएल जेमतेम. नवरा आयटीत, मुलगी तीन वर्षांची. इंग्लंडला येऊन मुलांच्या धोरणसंशोधनात डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचंय, तर आधी एमएससी करावं की थेट नोकरी शोधावी? मला ताई म्हटलंयस, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते, आणि आधी व्हिसा-पैशांचं बोलते. कामाबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, त्यामुळे रुक्ष भाग आधी उरकलेला बरा.

तुझ्या प्रश्नात सगळ्यात अडचणीचा शब्द ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ हाच आहे. स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी इथं प्रत्येक कामाला एक कोड असतो. २२ जुलै २०२५ पासून या व्हिसाला पदवीच्या तोडीचं काम लागतं, आणि सरकारी वर्गवारीत डेटा अ‍ॅनालिस्ट, म्हणजे कोड ३५४४, त्या पातळीच्या खाली धरलाय. सध्या तो तात्पुरत्या तुटवड्याच्या यादीत आहे, त्यामुळे व्हिसा मिळू शकतो. पण त्या यादीतून नव्याने येणाऱ्याला नवरा आणि मुलं आणता येत नाहीत, आणि यादीची मुदतही २०२६ अखेरपर्यंतच. याउलट अर्थतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञांचा २४३३ किंवा समाजशास्त्रीय संशोधकांचा २११५ हे कोड वरच्या पातळीत बसतात, आणि मग कुटुंब येऊ शकतं. रोजचं काम बरंचसं तेच, कधीकधी टेबलही तेच. कोड नोकरी देणारा लावतो आणि तो खऱ्या कामाशी जुळावा लागतो, आपल्या सोयीचा चिकटवून मिळत नाही. म्हणून जाहिरात वाचताना हुद्द्याच्या नावावर जाऊ नकोस. संशोधनाचा आराखडा तू करणार आहेस की फक्त डॅशबोर्ड भरणार आहेस, ते बघ.

पगाराची सर्वसाधारण किमान अट आता ४१,७०० पौंड आहे. एप्रिल २०२४ च्या आधी ती २६,२०० होती. मुलांसाठी काम करणाऱ्या चॅरिटींच्या ज्या जाहिराती माझ्या नजरेस पडतात, त्यांत सुरुवातीच्या अ‍ॅनालिस्टला तीस ते अडतीस हजार देतात. म्हणजे चॅरिटीची इच्छा असली तरी हिशोब बसत नाही. हे बँकेत किंवा विमा कंपनीत जाणाऱ्या आपल्या मुलांना कळत नाही. ते तुला ‘मिळतो गं व्हिसा’ म्हणून सांगतील. त्यांच्या क्षेत्रात मिळतो.

एमएससी केलंस तर विद्यार्थी व्हिसावरून वळताना ‘न्यू एन्ट्रंट’, म्हणजे नवोदित म्हणून ३३,४०० पौंडांच्या पगारावर भागतं, हा मोठा फायदा. पण ती सवलत जास्तीत जास्त चार वर्षं, आणि शिक्षणानंतर इथं राहून नोकरी शोधायला मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळ त्यातच धरतात. दुसरं म्हणजे जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या नव्हे, वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सला येणाऱ्यांना कुटुंब आणता येत नाही, आणि नंतर ग्रॅज्युएट व्हिसावरही नव्याने बोलावता येत नाही. तो व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा असायचा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना अठरा महिनेच. तू सप्टेंबर २०२६ ला सुरुवात केलीस तर त्या अठरा महिन्यांतच येशील. मी २०१८ ला आले तेव्हा अभ्यासक्रम संपल्यावर नोकरी शोधायला चारच महिने मिळायचे, त्यामुळे ‘अठराच महिने?’ असं मला वाटत नाही. पण मी तेव्हा एकटी होते.

तिसरी वाट पीएचडीची. त्यात कुटुंब येतं, नंतर ग्रॅज्युएट व्हिसावर तीन वर्षं मिळतात, आणि यूकेआरआय या संशोधनाला पैसा देणाऱ्या सरकारी संस्थेच्या शिष्यवृत्त्या परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. २०२५-२६ साठी किमान विद्यावेतन वर्षाला २०,७८० पौंड होतं. त्यात तिघांचं भागणार नाही, पण जोडीदाराला काम करता येतं आणि तुझा नवरा आयटीत आहे. तुझ्या जागी मी असते तर याच वाटेचा आधी विचार केला असता. सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार विसरू नकोस. नोकरीच्या व्हिसावर तो माणशी वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थ्याला आणि मुलांना ७७६, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकरकमी आधीच भरायचा. हे नियम सारखे बदलतात, तेव्हा अर्जाच्या आठवड्यात सरकारी पानावर पुन्हा एकदा बघ.

नोकऱ्या कुठे असतात? शिक्षण खात्यात संख्याशास्त्रज्ञांची मोठी फौज आहे. लंडनखेरीज शेफील्ड, डार्लिंग्टन, मँचेस्टरलाही. कॉमनवेल्थमधले म्हणून आपण भारतीय तिथल्या बहुतेक जागांना पात्र असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पण पात्र असणं वेगळं आणि त्यांनी व्हिसा पुरस्कृत करणं वेगळं. जाहिरातीच्या तळाशी ती ओळ असते, ती आधी वाच. मुलांच्या सेवा चालवणारी दीडशेच्या वर कौन्सिलं, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था आहेत, बहुतेकांत एक-दोन डेटावाले असतातच, पण परदेशातून माणूस आणायला ती सहसा तयार नसतात. आपल्यासाठी सगळ्यात उघडं दार विद्यापीठांचं. व्हिसा लागणार हे पहिल्याच बोलण्यात सांगून टाक. ताकाला जाऊन भांडं लपवलं की दोघांचाही वेळ जातो.

आता काम.

मी मुख्यतः घराबाहेर, सरकारच्या सांभाळात असलेल्या मुलांच्या माहितीवर काम करते. ३१ मार्च २०२४ ला इंग्लंडमध्ये अशी ८३ हजारांहून जास्त मुलं होती. त्यांना ‘लुक्ड आफ्टर चिल्ड्रन’ म्हणतात, आणि सोशल वर्कर त्याचं आद्याक्षरांवरून ‘लॅक’ करतात. लॅक म्हणजे उणीव. मुलांना तो शब्द अजिबात आवडत नाही. पहिल्या महिन्यात मी एका सादरीकरणात तो चार वेळा वापरला. खोलीत अशा सांभाळात वाढलेली एक तरुणी बसली होती. ती काही बोलली नाही, पण नंतर मी तो शब्द सोडला.

प्रत्येक कौन्सिल दरवर्षी या मुलांची नोंद शिक्षण खात्याला पाठवतं. त्या विवरणाला सगळे ‘नाइन-ओ-थ्री’ म्हणतात. त्यात एका मुलाची एक ओळ नसते. मुलाची राहण्याची जागा किंवा कायदेशीर स्थिती बदलली की नवा ‘एपिसोड’, म्हणजे नवी ओळ सुरू होते आणि तिच्यापुढे कारणाचं एक अक्षर येतं. फक्त कायदेशीर स्थिती बदलली तर ‘एल’. आता ‘पी’ आणि ‘टी’ बघ. ‘पी’ म्हणजे जागाही बदलली आणि सांभाळणारी माणसंही. ‘टी’ म्हणजे जागा बदलली, माणसं तीच. फॉस्टर कुटुंबाने, म्हणजे मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाने, शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठं घर घेतलं आणि मुलाला बरोबर नेलं, तर तो ‘टी’. नवखा अ‍ॅनालिस्ट ओळी मोजतो आणि ‘या मुलीची वर्षात चार घरं झाली’ असं लिहून मोकळा होतो. चारपैकी पहिली ओळ सुरुवातीची, एक कोर्टाच्या आदेशाची, एक त्याच माणसांच्या घरबदलाची. तिची माणसं एकदाच बदललेली असतात. वर्षात तीन किंवा जास्त ठिकाणी राहिलेल्या मुलांचं प्रमाण इथं कौन्सिलाच्या कामाची खूण म्हणून बघितलं जातं, त्यामुळे ही चूक महागात पडते. हे मोजायचा आरमधला कोड दहा ओळींचा असतो. अक्षरांचा अर्थ समजायला मला सहा महिने लागले, आणि तो समजला ते नोंद करणाऱ्या बाईंशेजारी दोन दिवस बसल्यामुळे.

इथं तुझं भांडवल कामाला येतं, आणि ते तुझ्या अर्जात कुठेच दिसलं नाही. मी इथं येण्याआधी मेळघाटात, धारणी तालुक्यात अंगणवाड्यांच्या वजनांवर काम करायचे. निम्म्याहून जास्त वजनं बरोब्बर पूर्ण किंवा साडे किलो, कारण काट्याची बारीक रेघ वाचायला सेविकेला वेळ नसतो. दिवाळीनंतर कुटुंबं कामासाठी बाहेर पडली की कुपोषणाची टक्केवारी कधीकधी ‘सुधारायची’, कारण ज्यांची हालत वाईट तीच मुलं तक्त्यातून गेलेली असायची. मोजली जाणारी मुलं बदलली, त्यांची हालत नाही, हे ज्याने गावात जाऊन बघितलंय त्याला इथल्या फाइली वाचता येतात. मुलाखतीत मला विचारलं होतं, ‘तुम्ही विश्वास न ठेवलेला एखादा आकडा सांगा.’ मी धारणीचं सांगितलं. नोकरी त्यावर मिळाली असं मी समजते. एसक्यूएलमध्ये तर मी अडखळले होते.

इथलंही एक उदाहरण देते. शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण गरिबीची खूण म्हणून सर्रास वापरतात. जानेवारी २०१८ मध्ये ते १३.६ टक्के होतं, जानेवारी २०२४ मध्ये २४.६. सहा वर्षांत गरिबी जवळजवळ दुप्पट झाली? नाही. एप्रिल २०१८ मध्ये युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारा सरकारी भत्ता, घेणाऱ्यांसाठी वर्षाला ७,४०० पौंड कमाईची मर्यादा आली, आणि बदलाच्या काळात कोणाचं जेवण तुटू नये म्हणून ज्यांना एकदा मिळालं त्यांचं पुढे चालूच ठेवलं. नवी मुलं यादीत येत राहिली, जुनी बाहेर पडेनात. घरभाडं वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नावर मोजलेली मुलांची सापेक्ष गरिबी त्याच काळात ३० टक्क्यांच्या आसपास फिरत होती. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सगळ्या घरांना जेवण मिळणार आहे. तेव्हा हा आकडा परत उडी मारेल आणि कोणीतरी त्यावर मथळा करेल.

माहिती हाताळण्याची शिस्त मात्र तुला नवी पडेल. मुलांच्या वैयक्तिक नोंदी ईमेलवर येत नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या सुरक्षित यंत्रणेत जाऊनच त्या बघायच्या, त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन मान्यताप्राप्त संशोधक व्हावं लागतं. आत इंटरनेट नाही, कॉपी करून बाहेर काही नेता येत नाही. तक्ता बाहेर काढायचा तर दुसरा माणूस तपासतो. दहापेक्षा कमी मुलं असलेला रकाना सहसा सुटत नाही. आणि हे सगळं ब्रिटनमध्ये बसूनच. सुट्टीत सांगलीला गेले की ‘तासभर काम करून घेते’ हे जमत नाही. आईला ते फार आवडतं.

हा जाच वाटायचा, माझी चूक होईपर्यंत. आधीच्या नोकरीत एका छोट्या कौन्सिलसाठी अहवाल करत होते. एका तक्त्यात सांभाळातली सगळी मुलं, वयोगटानुसार. दुसऱ्यात तेच, पण आईवडिलांशिवाय आश्रय मागायला आलेली मुलं वगळून. दोन्हीत लहान आकडे मी झाकले होते. छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या सहकाऱ्याने एक तक्ता दुसऱ्यातून वजा केला. एका वयोगटात उत्तर आलं एक. त्या गावात तो मुलगा कोण, हे बेकरीवाल्यालाही कळलं असतं. मी रात्री दहापर्यंत तक्ते पुन्हा नव्याने केले, आणि तेव्हापासून कुठलाही तक्ता सुटा तपासत नाही.

या कामात अश्रू येतील का, असंही विचारलंयस. तक्त्यांवर येत नाहीत, आणि त्याचीच मला अधूनमधून भीती वाटते. सोशल वर्करने लिहिलेली टिपणं वाचायचं काम आलं तर येतील. ते काम आम्ही दुपारी तीननंतर करत नाही, हा आमच्या गटाचा नियम आहे.

आता लगेच काय करशील? शिक्षण खात्याची आकडेवारी ‘एक्सप्लोर एज्युकेशन स्टॅटिस्टिक्स’ या त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही, पुण्यात बसूनही, उतरवून घेता येते. सांभाळातल्या मुलांची फाइल घे, एकच कौन्सिल निवड आणि दोन पानं लिही: आकडा काय सांगतो, काय सांगत नाही, आणि कुठली व्याख्या बदलली असती तर तो बदलला असता. आरचा कोड स्वच्छ करून सार्वजनिक ठेव. अर्जासोबत ती दोन पानं जोडलीस तर कुठल्याही ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा ती जास्त बोलतील. एसक्यूएलचे जॉइन, म्हणजे वेगवेगळे तक्ते जोडणं, मात्र पक्के कर, तिथे मी तुला सूट देणार नाही.

एक गोष्ट तू सांगितलीच नाहीस. एमएससीला एकटी आलीस तर मुलगी कोणाजवळ राहील? नवरा पुण्यात तिला घेऊन राहील, की ती आजीकडे जाईल, आणि पाळणाघर, शेजार, खेळायच्या मैत्रिणी यातलं काय काय सुटेल? ते कळव, मग एमएससी की पीएचडी यावर नीट बोलता येईल.