ओळखीचे दुकान आणि हातातला कागद

गणपतीच्या सुमारास घेतलेली उपकरणे पुढच्या दोन-चार महिन्यांत बिघडली, तर दाद कोणाकडे मागायची, याविषयी यंदा रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. मी स्वतः रत्नागिरीत अनेक वर्षे दुरुस्तीच्या टेबलावर बसलो आहे आणि काही काळ दुकानाचा गल्लाही सांभाळला आहे, त्यामुळे या तक्रारींच्या दोन्ही बाजू मला जवळून ठाऊक आहेत.

प्रश्न : गणपतीआधी आम्ही चिपळूणच्या एका दुकानातून फ्रिज घेतला. तिसऱ्या महिन्यात तो थंड करेनासा झाला. आतला दिवा लागतो, मागून यंत्राचा आवाज येतो, पण पाणीही गार होत नाही. दुकानदार वडिलांच्या ओळखीचे आहेत. ते म्हणाले, ‘वस्तू कंपनीची आहे, टोल फ्री नंबरवर कॉल नोंदवा.’ दोन वेळा माणूस न येताच ‘आपली तक्रार सोडवली आहे’ असा संदेश आला. तिसऱ्या वेळी आलेल्या तंत्रज्ञाने मागची झाकणपट्टीही न उघडता ‘व्होल्टेजमुळे गेला, वॉरंटीत बसत नाही’ असे सांगितले आणि मोबाइलवर आलेला कोड मागितला. आम्ही तो देऊन टाकला. आता काय करावे? – एक वाचक, तालुका गुहागर

उत्तर : सर्वप्रथम त्या कोडविषयी सांगतो, कारण आपली बाजू तेथेच लंगडी झाली. काम समाधानकारक झाल्याची ग्राहकाची पोचपावती म्हणून कंपनी तो कोड पाठवते. तो तंत्रज्ञाच्या हाती गेला की कंपनीच्या संगणकावर तक्रार मिटलेली दिसते आणि नंतर आपण कितीही फोन केले तरी समोरची व्यक्ती प्रामाणिकपणे ‘तुमचा कॉल बंद झाला आहे’ असेच सांगते. उपकरण चालू होऊन निदान काही तास आपल्या डोळ्यांसमोर नीट चालल्याखेरीज हा कोड देऊ नये. तंत्रज्ञ घाई करील, पुढच्या गावाला जायचे आहे असे सांगेल. त्यालाही दिवसाला ठरावीक कॉल संपवायचे असतात, हे मला माहीत आहे. तरीही देऊ नये.

आता व्होल्टेजचे पाहू. आपल्याकडे वीज खेळते हे खरे आहे. वादळवाऱ्यात तीन फेजच्या वाहिनीची न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तुटली, तर एखाद्या घरात २३० व्होल्टच्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. मात्र असे झाले की फ्रिज एकटा जात नाही. त्याच क्षणी दिवे, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांपैकी काही ना काही जळते. आपल्या घरात दुसरे काहीच बिघडलेले नसेल, फ्रिजचा दिवा लागत असेल आणि कॉम्प्रेसरचा आवाज येत असेल, तर गॅसची गळती किंवा आतला पंखा बंद पडणे या शक्यता आधी तपासायला हव्या होत्या. दाबाने बहुधा कॉम्प्रेसरचे वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेचे वेटोळे, किंवा सर्किट बोर्ड जळतो, आणि बोर्ड जळला असेल तर तो उघडून दाखवता येतो. म्हणून तंत्रज्ञाला वाद न घालता एवढेच सांगावे, की आपण जे तोंडी म्हणता ते जॉबशीटवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहा : कोणता भाग गेला, सॉकेटवर मीटर लावला तेव्हा किती व्होल्ट आले, आणि वॉरंटी कोणत्या अटीमुळे नाकारत आहात. माझा अनुभव असा, की तोंडाने सहज ‘व्होल्टेज’ म्हणणारा माणूस ते सहीनिशी लिहिण्याची वेळ आली की स्क्रू ड्रायव्हर बाहेर काढतो.

दुकानदाराचे उत्तर मात्र मला मान्य नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यात वस्तू विकणारा आणि बनवणारा हे दोघेही ‘व्यापारी’ या शब्दात येतात, त्यामुळे तक्रार दोघांविरुद्ध एकत्र करता येते. बिल न देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. आपल्या बाबतीत ते दिवस उलटले आहेत, तरी वॉरंटी शिल्लक आहे आणि ती दुकानाच्या बिलावरच उभी आहे.

आपल्या पत्रात एक वाक्य आहे, ‘वडिलांच्या ओळखीचे असल्यामुळे लिहून मागायला बरे वाटले नाही.’ कोकणातल्या निम्म्या तक्रारी या भिडेपायी बुडतात, असे मला मनापासून वाटते. बाजारपेठेत रोज समोरासमोर येणारी माणसे, घरच्या लग्नाला आलेली माणसे, त्यांच्याकडे कागद कसा मागावा, हा संकोच मी समजू शकतो. पण कागद मागणे हा अविश्वास नव्हे. उलट तोच कागद दाखवून दुकानदाराला कंपनीच्या वितरकाशी भांडता येते. नुसते ‘आमचे गिऱ्हाईक नाराज आहे’ म्हटल्याने त्याचे तेथे कोणी ऐकत नाही.

आता असे करावे. नवा कॉल नोंदवून त्याचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहावी. फ्रिजवरील अनुक्रमांकाच्या पट्टीचा, बिलाचा आणि ‘तक्रार सोडवली’ या दोन्ही संदेशांचा फोटो काढून ठेवावा. एका पानाचे पत्र दुकानाला आणि कंपनीला स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने पाठवावे. पंधरा दिवसांत काही झाले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवावी. ही सेवा आदेश देत नाही, पण कंपनीकडे विचारणा पोहोचवते आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम होते. न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जाता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असेही नाही. आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण जेथे राहता तेथील जिल्ह्यातच तक्रार करता येते. चाकरमान्यांनी मुंबईहून घेऊन गावी आणलेल्या वस्तूंनाही हे लागू आहे. त्यासाठी दादरला किंवा ठाण्याला खेटे घालावे लागत नाहीत. तक्रार ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओद्वारे व्हावी अशी विनंतीही करता येते.

प्रश्न : मी हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात काम करते. माझा फोन पाण्यात पडलेला नाही, तरी सर्व्हिस सेंटरने ‘लिक्विड डॅमेज’ सांगून मोठा खर्च काढला. विकताना दुकानातल्या मुलाने ‘हा वॉटरप्रूफ आहे’ असे सांगितले होते. शिवाय फोन ठेवून घेताना त्यांनी लॉकचा पिन मागितला. – एक वाचक, तालुका दापोली

उत्तर : ताई, आपण खोटे बोलत नाही आणि कदाचित सर्व्हिस सेंटरही खोटे बोलत नसेल. फोनच्या आत, पुष्कळदा सिमच्या खाचेत, एक छोटी पांढरी चिकटपट्टी असते. पाणी लागले की ती लाल किंवा गुलाबी होते. बंदरावर ओल्या हाताने कॉल घेणे, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे, कमरेला घामाने भिजलेला बटवा, एवढ्यानेही चार्जिंगच्या तोंडातून ओल आत जाऊ शकते. आणि मीठ एकदा बोर्डावर बसले की पाणी वाळल्यावरही ते धातू खात राहते. मी असे बोर्ड भिंगाखाली पाहिले आहेत. पितळी टोकांवर मोरचुदासारखी हिरवट पूड जमलेली असते. आपण सेंटरला ती पट्टी आणि बोर्ड दाखवण्यास सांगावे आणि त्याचे फोटो घ्यावेत. पूड दिसत नसेल, पट्टी पांढरीच असेल, तर वॉरंटी नाकारण्याला आधार नाही. पूड दिसली, तर बहुतेक कंपन्यांच्या अटींप्रमाणे दुरुस्ती फुकट मिळणार नाही, हे मी आपल्याला आधीच सांगतो.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दाचे मात्र मला वाईट वाटते. फोनच्या खोक्यावर आयपी ६७ किंवा ६८ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ तो ठरावीक खोलीपर्यंत, ठरावीक वेळ, प्रयोगशाळेतल्या गोड्या पाण्यात टिकला. समुद्राचे पाणी त्यात धरलेले नसते. बंदरावर काम करणाऱ्या बाईला तो फोन ‘पाण्याची काळजीच नको’ म्हणून विकणे ही दिशाभूल आहे, आणि दुकानाच्या जाहिरातीत किंवा व्हॉट्सॲप संदेशात तसे लिहिलेले सापडले तर ते जपून ठेवावे.

पिन देऊ नये. आधी फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून घ्यावेत. काही फोनमध्ये दुरुस्तीसाठीची वेगळी सोय असते, ती चालू केली की आपली माहिती न दिसता फोन तपासता येतो. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि दुरुस्ती नको असल्यास तपासणीचे किती पैसे लागतील, हे फोन हातातून सोडण्यापूर्वी विचारावे. पुढे कधी भिजलाच, तर फोन लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये आणि तांदळाच्या डब्यात पुरू नये. तांदळाचा भुगा आत जातो आणि मीठ तसेच राहते.

प्रश्न : तारकर्लीला आमच्या निवास-न्याहारीच्या दोन खोल्यांत एसी आहेत. दर वर्षी मे महिन्याच्या आधी गॅस भरावा लागतो. मेकॅनिक म्हणतो, ‘समुद्राकाठी गॅस संपतोच.’ – एक वाचक, तालुका मालवण

उत्तर : गॅस संपत नाही. एसीतला गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही. कमी झाला याचा अर्थ कोठेतरी गळतो आहे. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटचे कॉइल, म्हणजे नळ्यांची जाळी, खाल्ले जाते, किंवा तांब्याच्या नळ्यांचे जोड सैल असतात. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या कळशीत पाणी ओतणे. मेकॅनिकला जोडांवर साबणाचा फेस लावून किंवा नायट्रोजनचा दाब देऊन गळती दाखवायला सांगावे, दुरुस्तीनंतर नळ्यांतली हवा काढण्यासाठी व्हॅक्यूम पंप लावावा आणि गॅस वजनावर भरावा; किती ग्रॅम भरायचा ते युनिटच्या पट्टीवर छापलेले असते. बाहेरचे युनिट समुद्राच्या तोंडावर असेल तर हलवावे, आणि वीज बंद करून कॉइल दर पंधरवड्याला गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावे.

पाहुण्यांच्या खोल्यांसाठी घेतलेली वस्तू ‘व्यावसायिक’ म्हणून वॉरंटी नाकारली जाण्याचा संभव आहे, तेव्हा कार्डावरील ती अट वाचावी. कायद्यात मात्र स्वतः राबून केवळ उदरनिर्वाहासाठी घेतलेल्या वस्तूला व्यावसायिक मानलेले नाही, त्यामुळे घरचीच माणसे खोल्या चालवत असतील तर ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग खुला राहू शकतो.

प्रश्न : माझे कुडाळला लहान दुकान आहे. कंपनीचा माणूस चार कॉल जमल्याशिवाय येत नाही आणि शिव्या मी खातो. ऑनलाइन घेतलेल्या वस्तू घेऊनही लोक माझ्याकडेच येतात. मी काय करू? – एक दुकानदार

उत्तर : आपले पत्र वाचून मला माझा गल्ला आठवला. तंत्रज्ञ चार कॉल जमल्यावरच येतो, हे आपल्याला माहीत असते आणि गिऱ्हाइकाला नसते. सारी चीड तेथून सुरू होते. म्हणून विकतानाच सांगावे, की या कंपनीचा माणूस अमुक गावाहून येतो आणि साधारण इतके दिवस लागतात. एखादे गिऱ्हाईक त्यामुळे दुसरी कंपनी निवडील, आणि ते आपल्याही हिताचे आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का बिलावर असेल तर तो काढावा. सदोष वस्तूपुढे तो टिकत नाही. ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठी आपण बांधील नाही. तपासून देणार असाल तर आपला दर आधी सांगून रीतसर पावती करावी.

आणि एक वही घालावी. माझ्याकडे लांबट, लाल पुठ्ठ्याची होती. तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, वस्तूचा अनुक्रमांक, कंपनीचा कॉल नंबर, तंत्रज्ञ केव्हा आला आणि काय म्हणाला, असे रकाने मी पट्टीने आखले होते. आजीबाई मिक्सर घेऊन आल्या की मीच त्यांचा कॉल लावून नंबर चिठ्ठीवर लिहून देत असे. वर्षअखेरीस कंपनीचा विक्री अधिकारी आला, तेव्हा ती वही मी त्याच्यासमोर उघडून ठेवली. एकाच मॉडेलच्या अकरा नोंदी होत्या आणि त्यांतल्या सात ठिकाणी माणूस न येता कॉल बंद झालेले होते. त्याने पानांचे फोटो काढले, आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या भागाला दर मंगळवारी तंत्रज्ञ मिळू लागला.