मुलुंडहून न्यू जर्सीला निघालेल्या ताईंना: पहिल्या क्रेडिट कार्डाबद्दल

ताई, सिबिल (आपल्याकडचा पतस्कोर) ७९० आहे, यजमानांच्या नोकरीमुळे जूनमध्ये न्यू जर्सीला जायचंय, तिथे पहिल्या कार्डावर पत कशी बांधायची, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचं तुम्ही वाचलं असेलच, त्यात शिरत नाही.

ते ७९० तिथे जवळपास कुणी बघत नाही. ट्रान्सयुनियन, एक्स्पेरियन, एक्विफॅक्स ही पतनोंदी ठेवणाऱ्या ब्युरोंची नावं दोन्हीकडे असली तरी फाइल प्रत्येक देशाची वेगळी. वर्षानुवर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाची पाटी कोरी धरतात, हे मला अजून पचलेलं नाही. अमेरिकन एक्स्प्रेसकडे परदेशातला इतिहास बघण्याची सोय आहे, तेवढं आधी विचारून बघा.

नाही जमलं तर सिक्युअर्ड कार्ड, म्हणजे अनामत ठेवून मिळणारं. साधारण २०० ते ५०० डॉलर अनामत, बहुधा तेवढीच मर्यादा. दोन गोष्टी विचारून घ्या: तिन्ही ब्युरोंना माहिती पाठवता का, आणि वार्षिक फी आहे का. नाव सगळीकडे पासपोर्टावर आहे तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं. एका अर्जावर ते लिहिलं, दुसऱ्यावर गाळलं की ब्युरोकडे नोंदी जुळत नाहीत आणि मग पत्रव्यवहार करत बसावं लागतं.

आता खरी मेख. समजा मर्यादा ५०० डॉलर, स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला. तुम्ही महिनाभरात ४२० चा किराणा भरलात आणि २६ ला, मुदतीच्या दिवशी, पै न् पै चुकवली. व्याज शून्य. पण ब्युरोकडे सहसा ५ तारखेचाच आकडा जातो, म्हणजे ८४ टक्के वापर, आणि स्कोर खाली. त्यापेक्षा २ तारखेलाच ३८० भरून टाका. स्टेटमेंटवर ४० येतील, ८ टक्के. उरलेले ४० मुदतीआधी. फिको, म्हणजे तिथल्या पतस्कोरमध्ये, या देणं असलेल्या रकमेच्या भागाला ३० टक्के वजन आहे, वेळेवर भरण्याला ३५.

ऑटोपे लावाल तेव्हा 'मिनिमम' नव्हे, पूर्ण स्टेटमेंट बॅलन्स निवडा. हप्ता ३० दिवस रखडला की नोंद होते आणि ती ७ वर्षं राहते. एटीएममधून या कार्डावर रोख काढू नका, व्याज त्याच दिवसापासून लागतं. फिको स्कोर निघायलाच खातं किमान ६ महिने जुनं लागतं, तोवर दुकानात बिल करताना 'आमचं कार्ड घ्या, सूट देतो' म्हणतील त्यांना नको म्हणा.

इथलं कार्ड लगेच बंद करू नका, पण ओटीपी मुंबईच्या नंबरवर येणार, तेव्हा ते सिम रोमिंगसह चालू ठेवा. बचत खातं मात्र एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयातलं खातं) करून घ्यावं लागेल.

शेवटचं, आणि यावरच माझा जीव अडकलाय. तुम्ही एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, जात असाल तर कामाच्या परवान्याशिवाय सोशल सिक्युरिटी नंबर (पतनोंदी सहसा ज्याला जोडतात तो सरकारी क्रमांक) मिळत नाही. घरातला सगळा हिशोब ठेवणारी बाई, आणि तिथल्या भाडेकरारापासून वीजबिलापर्यंत पत फक्त नवऱ्याची बघतात. फार लागतं ते. म्हणून यजमानांचं कार्ड आलं की त्याच आठवड्यात ऑथराइज्ड युजर, म्हणजे त्याच खात्यावर कार्ड वापरायची मुभा असलेली व्यक्ती, म्हणून तुमचं नाव घालून घ्या, आणि ती नोंद तुमच्या नावाने ब्युरोकडे जाते का, हे कंपनीला फोन करून स्वतः विचारा. यजमानांवर सोपवू नका.