लहानपणी कॅन्सरमधून बरी झालेली मुलं पुढे नॉर्मल आयुष्य जगतात का?

तुम्ही लिहिलंय की भाचीची ब्लड कॅन्सरची ट्रीटमेंट संपत आलीये, आता पुढे काय. माझ्याकडे अनुभव एकाच माणसाचा आहे, माझ्या ताईचा. ती आज नाहीये, पण एवढं वाचून लगेच घाबरू नका, पूर्ण वाचा.

ताई ९ वर्षांची, मी ६ चा. तिला एएलएल झाला, ब्लड कॅन्सरचाच एक प्रकार, लहान मुलांमधे सगळ्यात जास्त दिसणारा कॅन्सर तोच. अडीच वर्षं ट्रीटमेंट चालली. मला तेव्हा एवढंच कळायचं की हिला शाळेत जावं लागत नाही आणि घरी येणारा प्रत्येकजण हिच्यासाठीच काहीतरी आणतो, त्यामुळे मी तिच्यावर जाम जळायचो, आता लपवून काय करू. एकदा भांडताना तिचे केस ओढले तर पुंजकाच हातात आला. मी बोंब ठोकली, ती मात्र हसत सुटली, आणि नंतर कितीतरी दिवस मी खोडी काढली की डोकं पुढे करायची, "ओढ ना, अजून आहेत थोडे."

स्टेरॉइड चालू असलं की चेहरा फुगून गोल व्हायचा, रात्री दोनला उठून भूक भूक करायची आणि ताट यायला पाच मिनिटं लागली तर घर डोक्यावर घ्यायची. विन्क्रिस्टिन या किमोच्या औषधाने नसांवर परिणाम होतो, तिचं पाऊल नीट उचललं जायचं नाही, जिन्यावर चपलेचा फटक फटक आवाज यायचा. नंतर सुधारलं ते, पण दमली की आवाज परत. रक्तातून दिलेली औषधं मेंदूपर्यंत फारशी पोचत नाहीत म्हणून पाठीच्या मणक्यातून पण इंजेक्शन द्यायचे, त्याला ती सगळ्यात जास्त भ्यायची. मग घरी आली की मला अंगाचं मुटकुळं करून झोपवायची आणि पाठीला पेन्सिल टोचायची. "हलायचं नाही हं, हललास तर परत टोचावं लागेल."

बरी झाली. आणि हो, नॉर्मल जगली. वर्गात मागे पडलेली ती भरून काढलं, अकाउंट्सची नोकरी धरली, लग्न केलं, नवऱ्याशी आणि माझ्याशी तितक्याच जोरात भांडली. तिला कुणी फायटर म्हटलं की डोक्यात जायचं तिच्या. म्हणायची, "मी कसली लढले, मला धरून ठेवलं आणि टोचलं, मी रडले, एवढंच झालं." मला आजही तो शब्द आवडत नाही.

चुकलं ते पुढे. पस्तिशीला आली तशी जिना चढताना धाप लागायला लागली, संध्याकाळी पाय सुजायचे, झोपायला दोन उशा लागायच्या. एका डॉक्टरने दमा सांगितला, सहा महिने पंप ओढत बसली. दुसऱ्या डॉक्टरने पहिलाच प्रश्न विचारला, लहानपणी कुठलं मोठं आजारपण? मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला तर हृदय निम्म्यापेक्षा कमी ताकदीने चालत होतं. डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही लाल रंगाची किमो असते ना, त्या गटाच्या औषधांनी हृदयाच्या स्नायूला इजा होऊ शकते, आणि ती कधीकधी दहा, वीस वर्षांनी वर येते. एकूण डोस जितका जास्त आणि मूल जितकं लहान तितका धोका जास्त, मुलींना मुलांपेक्षा जास्त. डॉक्टरांनी विचारलं एकूण डोस किती झाला होता, तर आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. बरी झाली म्हणजे विषय संपला असंच धरून बसलो होतो सगळे, तिच्यासकट. फाइल घर बदलताना कुठेतरी गेली आणि हॉस्पिटलमधे इतकं जुनं रेकॉर्ड नव्हतं. गोळ्यांवर अजून तीन वर्षं काढली तिने, ३८ व्या वर्षी गेली.

आता तुमच्या कामाचं. पूर्ण ट्रीटमेंट मिळाली तर आज एएलएलची दहातली जवळपास नऊ मुलं बरी होतात आणि त्यातल्या सगळ्यांना असं होत नाही, डोस पण आता जपून देतात. पण ट्रीटमेंट संपायच्या आत डॉक्टरांकडून एक समरी लेखी मागून घ्या: कुठलं औषध, एकूण किती, रेडिएशन दिलं का आणि कुठे. इको किती वर्षांनी करायचा ते विचारा, आणि भाची मोठी झाल्यावर तिला स्वतःला हे सगळं सांगा, उद्या ती प्रेग्नंट राहिली तरी तिच्या डॉक्टरांना हे माहीत असायला लागतं. आईबाबांनी ताईसमोर तो विषयच कधी काढला नाही, मायेपोटीच, पण नाही काढला.

फाइल सापडली नंतर, ताईला जाऊन वर्ष होत आलं होतं, आईच्या जुन्या साड्यांच्या खाली. डोस सगळे व्यवस्थित लिहिलेले. आणि मागच्या कोऱ्या पानावर ताईने पट्टीने रेघा मारून प्रगतीपुस्तक केलेलं, तारीख, रक्तातल्या पेशींचा काउंट आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मणक्याच्या इंजेक्शनच्या पहिल्या तारखेपुढे शेरा आहे: बाबा खोटं बोलले, दुखतं.