‘सूक्ष्म’, ‘आदिम’ की ‘आद्य’? कृष्णविवराला कोणते विशेषण शोभते

हिंगोली जिल्ह्यातल्या एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न आहे: “वर्तमानपत्रांत कधी ‘सूक्ष्म कृष्णविवर’ येते, कधी ‘आदिम’, कधी ‘आद्य’, तर कधी नुसतेच ‘छोटे’. हे सगळे एकच का? शिवाय आमची पोरं विवर म्हटलं की लोणार समजतात. ‘बारकं विवर म्हंजे लोणारपेक्षा बारकं का?’ असं परवा एकानं विचारलं. काय सांगावं?”

ताई, हे सगळे एकच नाही. ‘सूक्ष्म’ आणि ‘छोटे’ यांनी आकार कळतो. ‘आदिम’ आणि ‘आद्य’ यांनी जन्मवेळ कळते. बातमीदार मंडळी यातले कोणतेही विशेषण उचलून लावतात आणि त्यातच विषयाचा सगळा गाभा निसटतो.

आधी त्या पोराच्या प्रश्नाकडे जाऊ. त्याचा गोंधळ रास्त आहे, कारण ‘विवर’ शब्दावर आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंचा भार टाकला आहे. संस्कृतात वि + वृ म्हणजे उघडणे. त्यातून ‘विवर’ म्हणजे उघडलेली पोकळ जागा: बीळ, गुहा, खाच, भुयार. ‘विवरण’ म्हणजे अर्थ उघडून दाखवणे, हाही त्याच कुळातला. आपल्या जांबच्या समर्थांच्या दासबोधात ‘विवरणे’ हे क्रियापद विचार करून उलगडणे या अर्थाने ठायी ठायी भेटते. औंढ्याला नागनाथाचा गाभारा जमिनीखाली आहे, अरुंद तोंडातून वाकून खाली उतरावे लागते. जुन्या भाषेत त्या जागेला कुणी विवर म्हटले असते तर काहीच चुकले नसते. उल्का आदळून पडलेल्या खड्ड्याला पुढे हाच शब्द लागला आणि ‘ब्लॅक होल’लाही हाच मिळाला. ‘ब्लॅक होल’ हे नाव अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर यांनी 1967 मध्ये रूढ केले. मराठीत ‘कृष्णविवर’ लवकरच रुळले. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवलेल्या कथेचे नावच ‘कृष्णविवर’ होते.

‘काळे छिद्र’ किंवा ‘काळे भोक’ रुळले नाही हे माझ्या मते फार चांगले झाले. पत्र्याला भोक पडले की पलीकडचे दिसते. छिद्र म्हटले की आरपार हा अर्थ आलाच. विवराला तोंड असते, पलीकडची बाजू असायलाच हवी असे नाही. इथे नेमके तेच हवे आहे. वर्गात लोणारला आवर्जून ‘आघातविवर’ म्हणा, म्हणजे घोळ मिटेल. लोणार 1.8 किलोमीटर रुंद खड्डा आहे. कृष्णविवर हा खड्डाच नव्हे. वस्तुमान इतक्या लहान जागेत कोंबले जाते की तिथून प्रकाशही सुटत नाही, अशी ती जागा.

आता ‘सूक्ष्म’. हा शब्द कानाला हलका वाटतो, म्हणून मुलांना आकडे सांगावेच लागतात. सूर्याचे कृष्णविवर करायचे तर तो 3 किलोमीटर त्रिज्येत दाबावा लागेल. पृथ्वीसाठी ही त्रिज्या 9 मिलिमीटर भरते, म्हणजे अख्खी पृथ्वी गोट्या खेळायच्या गोटीएवढी. चंद्राचे विवर असते तर त्याची रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी भरली असती. आणि सुमारे 50 कोटी टनांचे, एखाद्या डोंगराच्या तोडीचे वस्तुमान घेतले तर विवर प्रोटॉनएवढे, म्हणजे अणूच्या गाभ्यातल्या एका कणाएवढे होते. हे ‘सूक्ष्म’ केवळ आकाराने. वस्तुमान डोंगराचेच राहते. ‘बारकं’ म्हणायलाही माझी हरकत नाही, फक्त वजनाने बारकं नव्हे एवढे सोबत सांगा.

‘आदिम’ची गोष्ट निराळी. आपल्या ओळखीची कृष्णविवरे मोठ्या ताऱ्यांच्या मरणातून होतात आणि ती सूर्याच्या अडीच-तीन पटींहून हलकी सहसा नसतात. गोटीएवढे किंवा प्रोटॉनएवढे विवर ताऱ्यातून होणे शक्य नाही. त्यासाठी विश्वाच्या जन्मानंतरचा पहिला सेकंद गाठावा लागतो. तेव्हा सगळे द्रव्य इतके दाटलेले होते की जिथे दाटी नेहमीहून बरीच जास्त झाली, तिथला भाग थेट कोसळून विवर झाला असेल. ही कल्पना झेल्डोविच आणि नोविकोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1966-67 मध्ये आणि स्टीफन हॉकिंग यांनी 1971 मध्ये मांडली. अजून एकही असे विवर सापडलेले नाही, हे वर्गात आधी सांगून टाका.

महत्त्वाची गोष्ट ही की या सेकंदात जितक्या उशिरा विवर जन्मले तितके ते जड. अगदी आरंभीच्या क्षणांत डोंगराएवढे, तर सेकंद पुरा होता होता सूर्याच्या लाखपटीच्या घरातले. म्हणजे जन्म त्याच काळातला, पण विवर सूक्ष्म मुळीच नाही. उलट उदाहरणही आहे. सप्टेंबर 2008 मध्ये जिनिव्हाजवळचा तो मोठा कणत्वरक (अणूहून लहान कण प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळवणारे यंत्र) सुरू झाला तेव्हा ‘छोटी कृष्णविवरे तयार होऊन पृथ्वी गिळणार’ अशी आवई गावोगाव उठली होती. तिथे विवरे झाली असती तर ती सूक्ष्म खरी, पण आदिम नव्हेत, आजची, ताजी. (तशी काही आढळली नाहीत.) एवढ्यावरून दोन्ही विशेषणे वेगळी ठेवणे का गरजेचे आहे ते दिसते.

मग जन्मवेळेसाठी ‘आदिम’ घ्यावे की ‘आद्य’? ‘आदिम’ला मराठीत मागासपणाचा वास चिकटला आहे: आदिम अवस्था, आदिम जमात. तो इथे नको. ‘आद्य’ला मान आहे. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांना आपण आद्यकवी म्हणतो, म्हणजे परंपरेतले पहिले. पण ‘आद्य कृष्णविवर’ म्हटले की सगळ्यांत पहिले एकच कुठले तरी, असे वाटते. इथे तर लक्षावधी, अब्जावधी असू शकतील अशा विवरांची जात आहे. म्हणून माझे मत ‘आदिकालीन कृष्णविवर’ला. शब्द थोडा लांब आहे, पण काळ स्पष्ट सांगतो आणि दुसरे काही सुचवत नाही.

आता ज्या कोड्यांसाठी या विवरांचे नाव घेतात त्यांना ही विशेषणे लावून पाहा. सगळ्यांत मोठे कोडे कृष्णद्रव्याचे. विश्वातल्या एकूण द्रव्यापैकी सुमारे 85 टक्के दिसत नाही, फक्त त्याचे गुरुत्व जाणवते. ते आदिकालीन विवरांचे असेल का? दूरच्या ताऱ्यासमोरून विवर गेले तर त्याच्या गुरुत्वाने ताऱ्याचा प्रकाश काही काळ वाढलेला दिसतो. जपानच्या सुबारू दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेतले तारे असे न्याहाळले. अशा शोधांमुळे चंद्राएवढ्या वस्तुमानापासून पुढची विवरे सगळे कृष्णद्रव्य भरून काढू शकत नाहीत, हे बऱ्यापैकी ठरले. लघुग्रहांएवढ्या वस्तुमानाच्या विवरांची शक्यता मात्र अजून खुली आहे. ती विवरे आकाराने अणूच्या आसपासची. इथे ‘सूक्ष्म’ही बरोबर आणि ‘आदिकालीन’ही. (कृष्णद्रव्य आणि कृष्णविवर यांतले ‘कृष्ण’ सारखे असले तरी एक न दिसणारे द्रव्य आणि दुसरी प्रकाश न सोडणारी जागा. मुले हे दोन्ही हमखास एकत्र करतात.)

दुसरे कोडे आपल्या अगदी अंगणातले. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेने सूर्याच्या 36 आणि 29 पट वस्तुमानाची दोन विवरे एकमेकांत मिसळल्याच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणारे तरंग, पकडल्या. एवढी जड विवरे आली कुठून, या प्रश्नावर काही शास्त्रज्ञ आदिकालीन विवरांकडे बोट दाखवतात. इथे ‘सूक्ष्म’ लावले तर वाक्यच खोटे होते. तशाच वेधशाळेला, 4-4 किलोमीटरच्या दोन भुजा असलेल्या, आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात एप्रिल 2023 मध्ये केंद्राची अंतिम मंजुरी मिळाली. या वेधशाळांतून सूर्याहून हलकी विवरे मिसळताना ऐकू आली, तर ती ताऱ्यांची नव्हेत एवढे नक्की होईल आणि आदिकालीन विवरांना पहिला भक्कम पुरावा मिळेल. बाकी 2019 मध्ये सूर्यमालेच्या कडेचा संशयित नववा ग्रह म्हणजे असेच विवर असावे, असेही कुणी सुचवले. पाच पृथ्व्यांचे विवर जेमतेम 9 सेंटिमीटर रुंद असते, दुर्बिणीला दिसायचे कसे?

हॉकिंग यांनी 1974 मध्ये दाखवले की विवरातून हळूहळू ऊर्जा बाहेर पडते. याला पुस्तकांत ‘बाष्पीभवन’ म्हणतात. मला ‘विरणे’ अधिक आवडते, कारण पाण्याची वाफ होताना जे होते ते इथे होत नाही. ‘झिजणे’ही कुणी लिहितात, पण झिज मंदावत जाते असा आपला अनुभव, विवर मात्र जितके लहान होते तितके अधिक वेगाने विरते आणि शेवटी गामा किरणांचा भपका होतो. वर सांगितलेली 50 कोटी टनांची विवरे 1380 कोटी वर्षांनंतर आज, या सुमाराला संपत असणार. ते भपके शोधणे चालू आहे, मिळालेले नाहीत.

लिहिण्याचे दोन मुद्दे राहिले. ‘कृष्णविवर’ एकत्र लिहावे, विशेषण सुटे: ‘आदिकालीन कृष्णविवर’, ‘सूक्ष्म कृष्णविवर’. शब्द नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘कृष्णविवरे’. आणि दोन्ही गुण सांगायचे असतील तर ‘आदिकालीन सूक्ष्म कृष्णविवरे’ असा क्रम ठेवा, जन्म आधी, आकार नंतर.