वाचक विचारतात : पहिला फॅन म्युझिक व्हिडिओ

आवडत्या सिनेमातली किंवा मालिकेतली दृश्यं आवडत्या गाण्यावर बसवायची आणि त्यातून आपल्याला त्या कथेबद्दल जे वाटतं ते सांगायचं, असा हा फॅन व्हिडिओचा छंद. दृश्यं जपानी ॲनिमेमधली (ॲनिमेशनपटांतली) असली की त्यालाच एएमव्ही, म्हणजे ॲनिमे म्युझिक व्हिडिओ म्हणतात. १९७५ साली अमेरिकेत एका चाहतीने स्लाइड प्रोजेक्टर आणि कॅसेट यांच्या जोरावर हा प्रयोग केला होता. पुढे दोन व्हीसीआर जोडून लोक रात्र रात्र हे काम करत. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी, नवशिक्यांना हमखास अडवणारे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मला एडिटिंगचा गंधही नाही. एका मालिकेवर व्हिडिओ करायचा आहे, गाणं साडेचार मिनिटांचं आहे. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ आणि सुरुवात कुठून करू?

सॉफ्टवेअरवर फार दिवस घालवू नका. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती भरपूर ताकदीची आहे, पण तिला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं. कॉम्प्युटर साधा असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्या. दोन्ही फुकट आहेत आणि पहिल्या व्हिडिओला लागणारं सगळं त्यांत आहे. लिनक्सवर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती एच.२६४ फाइल (व्हिडिओ आवळून साठवण्याचा सर्वांत रुळलेला प्रकार) उघडत नाही, तिथे केडेनलाइव्हच सोयीचं.

खरा निर्णय गाण्याच्या लांबीचा. साडेचार मिनिटं म्हणजे २७० सेकंद. एक शॉट सरासरी दोन सेकंदांचा धरला तरी १३५ शॉट लागतील. नवशिक्याची दमछाक होते ती इथेच, आणि व्हिडिओ अर्धवट राहतो. म्हणून पहिल्या व्हिडिओसाठी गाणं कापून ६० ते ९० सेकंदांचं करा : सुरुवातीची धून, एक कडवं, एक ध्रुवपद. काप समेवर घ्या, शेवटी दोन सेकंदांत आवाज विरत न्या. ९० सेकंदांना साधारण ४५ शॉट पुरतात. हे काम आठ-दहा दिवसांत हातावेगळं होतं.

आता सॉफ्टवेअर बंद ठेवा आणि कागद घ्या. व्हिडिओ काय सांगणार ते एका वाक्यात लिहा. ‘ही मालिका मला खूप आवडते’ हे चालणार नाही. ‘थोरल्याने धाकट्याला वाचवण्यासाठी त्याच्याशीच वैर पत्करलं’ हे चालेल. मग गाण्यातला ‘मी’ कोण आणि ‘तू’ कोण ते ठरवा. ते मधेच बदललं की प्रेक्षक हरवतो. त्यानंतर गाणं पाच-सहा वेळा ऐका आणि कुठल्या सेकंदाला काय होतं ते टिपा : ०:१२ ला ढोल येतो, ०:३१ ला सगळी वाद्यं थांबतात, ०:३३ ला ध्रुवपद उसळतं. ती ०:३१ ची शांतता सोन्यासारखी आहे, तुमचा सर्वांत महत्त्वाचा शॉट तिथेच ठेवा.

मग मालिका पुन्हा पाहा, या वेळी आवाज बंद करून. प्रत्येक उपयोगी शॉटची नोंद करा : भाग, वेळ, काय घडतं, हालचाल डावीकडे की उजवीकडे, भाव कोणता. ४५ शॉट लागणार असतील तर १२० ते १५० टिपून ठेवा. तोंड हलतंय, पण ऐकू येतंय गाणं, असे शॉट शक्यतो टाळा. ते पात्र गात असल्याचा भास होतो आणि सगळी जादू जाते. पाठमोरे, हातांचे, डोळ्यांचे, ऐकणाऱ्या माणसाचे शॉट जमवा. बसवायला घ्याल तेव्हा आधी पहिला शॉट, शेवटचा शॉट आणि ध्रुवपदाची सुरुवात या तीन जागा भरा. मधलं नंतर भरता येतं.

प्रश्न : फाइल टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमध्ये शॉट ओळीने मांडतात त्या पट्टीवर) टाकली की चित्र अडखळतं. शिवाय सुरुवातीला तालावर असलेले कट शेवटपर्यंत सुटत जातात. कॉम्प्युटर बदलायचा का?

नाही. तुमच्या पत्रात तीन वेगळे दोष एकत्र आले आहेत.

अडखळण्याचं कारण फाइलच्या जातीत आहे. एच.२६४ फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र, पूर्ण साठवलेली नसते. मधूनच एक पूर्ण फ्रेम असते आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच. दोन पूर्ण फ्रेममधलं अंतर २५० फ्रेमपर्यंत असू शकतं. तुम्ही २०० व्या फ्रेमवर बोट ठेवता तेव्हा सॉफ्टवेअरला आधीच्या सगळ्या फ्रेम उलगडाव्या लागतात. पाहण्यासाठी हे उत्तम, कापण्यासाठी त्रासाचं. उपाय दोन : सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी चालू करा, म्हणजे काम हलक्या प्रतीवर होतं आणि शेवटचं एक्सपोर्ट मूळ फाइलवरून, किंवा लागणाऱ्या क्लिप तेवढ्या डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेस या एडिटिंगसाठीच्या फाइल-प्रकारांत बदलून घ्या. त्यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. डीएनएक्सएचआर एसक्यू दर्जाला १०८० पिक्सेलच्या चित्राचं एक मिनिट सुमारे ८५० एमबी घेतं. म्हणून सबंध भाग बदलायला जाऊ नका.

दुसरा दोष बदलत्या फ्रेमरेटचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम त्या आकड्याचा. स्क्रीन रेकॉर्डिंगच्या आणि मोबाइलवरच्या फाइलमध्ये एका सेकंदात कधी २४, कधी २९ फ्रेम असतात. एडिटिंग सॉफ्टवेअर ठरावीक गतीची अपेक्षा ठेवतं, म्हणून क्लिप सरकत जाते. फाइल हँडब्रेक या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढा, फ्रेमरेट स्थिर ठेवण्याचा पर्याय निवडा आणि दर्जाचा आकडा १६ ते १८ ठेवा. इथे आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला.

तिसरा दोष प्रोजेक्टच्या फ्रेमरेटचा. बहुतेक सिनेमे आणि ॲनिमे २३.९७६ चे असतात आणि नवीन प्रोजेक्ट अनेकदा ३० वर उघडतो. मग दर चार फ्रेममागे एक फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि कॅमेरा सावकाश फिरत असला की झटके बसतात. पहिली क्लिप आणण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेमरेट मूळ चित्राइतका करा. रिझॉल्व्हमध्ये क्लिप आल्यावर तो बदलता येत नाही.

गाण्याची फाइल एमपी३ असेल तर ४८ किलोहर्ट्झच्या डब्ल्यूएव्हीमध्ये बदलून घ्या. एमपी३ च्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची रिकामी जागा येते. एखादं सॉफ्टवेअर ती वगळतं, एखादं वगळत नाही.

प्रश्न : मी प्रत्येक ठोक्यावर कट दिला, तरी व्हिडिओ कंटाळवाणा वाटतो. माझं काय चुकतंय?

प्रत्येक ठोक्यावर कट दिला, हेच चुकतंय. पण त्याआधी ते कट खरोखर ठोक्यावर आहेत का ते तपासा. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे २४ च्या गतीला बरोबर १२ फ्रेम. गाणं १२८ ठोक्यांचं असेल तर २३.९७६ च्या गतीला एक ठोका ११.२४ फ्रेमचा होतो. तुम्ही ११-११ फ्रेम मोजत गेलात तर चार ठोक्यांत जवळपास एक फ्रेम सुटते, ३२ ठोक्यांत साडेसात. ही तब्बल पाव सेकंदाहून मोठी चूक झाली. म्हणून मोजणी नको. गाणं लावा आणि ठोक्यावर मार्करची (टाइमलाइनवर खूण करण्याची) कळ दाबत जा, मग ध्वनीच्या आलेखातल्या उंच टोकाशी प्रत्येक मार्कर जुळवा. कट मार्करवर किंवा एक फ्रेम आधी बसला तर डोळ्याला नेमका वाटतो. दोन फ्रेम उशिरा आलेला कट मात्र लगेच खुपतो.

आता मुख्य गोष्ट. ताल कटमध्ये असतो तसा चित्राच्या आतही असतो. दार आपटण्याचा ३० फ्रेमचा शॉट घ्या. दार चौकटीवर आदळतं ती त्यातली १९ वी फ्रेम. तुम्ही शॉटची पहिली फ्रेम ठोक्यावर ठेवली तर दार पाऊण सेकंद उशिरा आदळेल आणि आवाज-चित्र एकमेकांना भेटणारच नाहीत. क्लिप १८ फ्रेम आधी सुरू करा, म्हणजे १९ वी फ्रेम ठोक्यावर येईल. कट ठोक्याबाहेर पडला तरी प्रेक्षकाला तालच जाणवेल. मान वळणं, पापणी उघडणं, तलवार भिडणं, पाऊल टेकणं, प्रत्येक हालचालीला असा एक क्षण असतो. तो हुडकण्यासाठी बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे जा. हे काम वेळखाऊ आहे आणि आमच्या मते या छंदातला सर्वांत आनंदाचा भागही हाच.

हे जमलं की कट कमी करण्याची हिंमत येते. कडव्यात शॉट तीन-चार सेकंद राहू द्या, समेवरच कापा; ध्रुवपद जवळ येईल तसे दोन सेकंद, एक, अर्धा. सगळं गाणं अर्ध्या सेकंदाच्या शॉटने भरलं तर ध्रुवपदासाठी चढायला जागाच उरत नाही.

भरभर कट देताना नजरेची जागाही सांभाळा. एका शॉटमध्ये चेहरा पडद्याच्या उजव्या बाजूला आणि पुढच्यात डावीकडे असेल, तर डोळा तिथे पोहोचेपर्यंत अर्धा शॉट संपतो. पाहण्याची वस्तू एकाच जागी ठेवा किंवा हालचाल ज्या बाजूला चालली आहे तिथेच पुढचा शॉट उगवू द्या. गाण्यात ‘पाऊस’ आला की पाऊसच दाखवायचा, हे एकदा शोभतं. तिसऱ्यांदा चित्रकोश होतो.

प्रश्न : दोन सिनेमांचे शॉट एकत्र केले, तर काळ्या पट्ट्या कधी दिसतात, कधी गायब होतात.

दोघांच्या चित्राचा आकार वेगळा आहे. २.३९:१ चा (उंचीच्या २.३९ पट रुंद) सिनेमा १९२० बाय १०८० च्या फाइलमध्ये फक्त सुमारे ८०४ ओळी व्यापतो, बाकी वर-खाली काळं. एकच आकार ठरवा. सगळा व्हिडिओ रुंद ठेवायचा तर १६:९ च्या शॉटवरही वरखाली १३८ पिक्सेलची पट्टी लावा आणि डोकी कापली जाणार नाहीत असं चित्र वर-खाली सरकवा. पट्ट्या नको असतील तर रुंद शॉट सुमारे १३५ टक्के मोठे करावे लागतात, त्यात कडा जातात आणि चित्र मऊ पडतं. आमची पसंती पहिल्या उपायाला. सबटायटल चित्रातच छापलेली असतील तर ती झाकत बसू नका, स्वच्छ प्रत मिळवा.

प्रश्न : स्लो मोशन केलं की ॲनिमेमधली पात्रं चिकट, भुतासारखी दिसतात.

ॲनिमेमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी नवी चित्रं अनेकदा ८ किंवा १२ च असतात. एकच चित्र दोन-तीन फ्रेम टिकतं. ऑप्टिकल फ्लो नावाचा पर्याय मधल्या फ्रेम अंदाजाने रचतो आणि रेषा वितळतात. तो बंद करा आणि गती नेमकी ५० टक्के ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेम सारखी दोनदा येते. ७० किंवा ८३ अशा गतीला काही फ्रेम दोनदा येतात, काही एकदाच, आणि हालचाल लंगडते. त्याहून संथ हवं असेल तर स्थिर चित्र घेऊन ते १०० वरून १०६ टक्क्यांपर्यंत हळूहळू मोठं करा.

प्रश्न : माझ्याकडे स्वच्छ दिसणारा व्हिडिओ अपलोड केल्यावर पुसट का होतो?

कारण संकेतस्थळ तो पुन्हा आवळतं. आवळलेल्याचं पुन्हा आवळणं टाळता येत नाही, पण त्याला भरपूर माल देता येतो. यूट्यूब १०८० च्या, २४ ते ३० फ्रेमच्या व्हिडिओसाठी ८ एमबीपीएसचा बिटरेट (दर सेकंदाला ८ मेगाबिट माहिती) सुचवतं. तुम्ही एमपी४, एच.२६४, १६ ते २० एमबीपीएसने काढा. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, ३८४ केबीपीएस. फ्रेमरेट प्रोजेक्टचाच. व्हिडिओ २५६० बाय १४४० ला मोठा करून चढवला तर प्रेक्षकापर्यंत पोहोचणाऱ्या प्रतीलाही जास्त बिटरेट मिळतो. वेगवान कट असतील तर फरक स्पष्ट दिसतो. काळा रंग राखाडी दिसत असेल तर दोष रंगाच्या पल्ल्याचा आहे. व्हिडिओचा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला १६ ते २३५ असतो. एखादी क्लिप ० ते २५५ समजून वाचली गेली की रंग धुतल्यासारखे होतात. त्या क्लिपच्या गुणधर्मांत पल्ला बदला.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगायलाच हवी. पांढऱ्या झगमगाटाचे इफेक्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त नकोत. प्रकाशामुळे झटके येणाऱ्यांना त्यातून खरा अपाय होतो. अगदीच हवे असतील तर व्हिडिओच्या आधी तीन सेकंद स्पष्ट सूचना द्या.

प्रश्न : अपलोड करताच कॉपीराइटचा दावा आला. माझं खातं जाणार का? ‘उल्लंघनाचा हेतू नाही’ अशी ओळ खाली लिहू का?

त्या ओळीला कायद्यात काही वजन नाही. यूट्यूबवर दावा आणि स्ट्राइक या वेगळ्या गोष्टी आहेत. दावा बहुतेकदा यंत्रणाच लावते : जाहिरातीचं उत्पन्न हक्कदाराकडे जातं, कुठे आवाज बंद होतो, कुठे व्हिडिओ काही देशांत दिसत नाही. खातं त्यामुळे जात नाही. स्ट्राइक म्हणजे हक्कदाराच्या रीतसर मागणीवरून व्हिडिओ काढला जाणं. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं. तुमचा वापर न्याय्य आहे असं वाटलं तर दाव्यावर हरकत नोंदवता येते, उत्तरासाठी हक्कदाराला ३० दिवस असतात. पण न्याय्य वापराचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ‘पैसे कमावत नाही’ एवढं कारण एकट्याने पुरत नाही.

यापुढे गाणं निवडल्यावर लगेच, एकही शॉट न कापता, काळ्या पडद्यावर ते गाणं घालून फाइल खासगी ठेवून चढवा. यूट्यूबच्या तपासणीच्या टप्प्यावरच गाणं कुठे अडतं ते कळेल. गाण्याची पट्टी किंवा गती बदलून यंत्रणेला चकवायला जाऊ नका. दावा उद्या येईलच, आणि तोवर तुमचं गाणं बेसूर झालेलं असेल.