कारागृहात भावाची गोळी बंद झाली

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कोकणातील एका कारागृहात न्यायाधीन बंदी आहे. त्याला लहानपणापासून आकडीचा त्रास असल्याने सोडियम व्हाल्प्रोएट चालू आहे आणि कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी वर्षभर प्रीगॅबालिन चालू होते. आत गेल्यावर प्रीगॅबालिन एकदम बंद झाले आणि आकडीची गोळी चुरून समोरच गिळायला लावतात. मुलाखतीत तो म्हणाला की, झोप लागत नाही, घाम फुटतो. आम्ही काय करावे?
– एक भगिनी, मालवण

उत्तर : ताई, प्रीगॅबालिनबाबत कारागृहातील डॉक्टर कडक असतात, त्याला कारण आहे. या गोळीने गुंगी येत असल्यामुळे बराकीत तिची देवघेव होते आणि ज्याला ती रीतसर मिळते, त्याच्याकडून दमदाटी करून काढून घेतली जाते. झोपेच्या किंवा अफूवर्गीय औषधांबरोबर घेतल्यास तिने श्वास मंदावतो. ब्रिटनने २०१९ मध्ये ती नियंत्रित औषधांत घातली. आपल्याकडे ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामकही २०१८ मध्ये अंमली पदार्थविषयक कायद्याखाली आले. तेव्हा ही सावधगिरी म्हणजे तुमच्या भावावरचा संशय नव्हे.

मात्र वर्षभर चाललेली ही गोळी एका रात्रीत तोडणे मला मुळीच मान्य नाही. ती निदान आठवडाभरात, हळूहळू उतरवायची असते. अचानक थांबवल्यास झोप उडते, घाम येतो, आणि आकडीच्या रुग्णाला झटका येण्याचा धोका वाढतो. भावाची लक्षणे याच्याशी जुळतात, म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्यांना आजच कळवा. दुखण्यासाठी पर्याय म्हणून अमिट्रिप्टिलिन दिले, तर तेही समोरच गिळायला लावणे योग्य, कारण साठवून एकदम घेतल्यास ते हृदयाला घातक ठरते.

चुरण्याचे मात्र तातडीने थांबायला हवे. व्हाल्प्रोएटची गोळी सावकाश विरघळणारी असेल, तर चुरल्यावर सगळे औषध एकदम रक्तात उतरते आणि पुढच्या वेळेपर्यंत पुरत नाही. अख्खी गोळी पाण्याबरोबर देऊन तोंड तपासले तरी खात्री होते. नाहीतर सिरप मिळते, फक्त त्याच्या वेळा नव्याने बसवाव्या लागतात. संध्याकाळी बराकी बंद होतात, हेही वेळा ठरवताना पाहावे.

जुने केसपेपर, औषधाचे नाव, मात्रा, वेळ आणि शेवटच्या आकडीची तारीख लिहिलेले डॉक्टरांचे पत्र, असे सर्व अधीक्षक व वैद्यकीय अधिकारी यांच्या नावे अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. घरून गोळ्या लपवून नेऊ नका. त्याने भावावरच गुन्हा वाढेल. दखल घेतली नाही, तर वकिलांमार्फत न्यायालयात अर्ज करता येतो. कोठडीतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. ओरोसच्या जिल्हा न्यायालयात चौकशी करा.

जामीन झाल्यावर आतल्या औषधांची चिठ्ठी मागून घ्या, व्हाल्प्रोएटमध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नका, आणि प्रीगॅबालिनची जुनी मात्रा त्याने मनाने पुन्हा सुरू करू नये, कारण मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते.